मंडळीची कुंडी

या, असे पुढे सरका. लांब बसणाऱ्याच्या कानापर्यंत गोष्ट पोचते, पोटात उतरत नाही, असा सांगणाऱ्यांचा अनुभव आहे. आज एका घराची गोष्ट सांगतो. तिच्यात अकरा कुंड्या आहेत, एक बादली आहे आणि बावीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एक वाक्य आहे. वाक्य सूनबाईंचं. ते त्या रविवारी दुपारी चारच्या आत बाहेर पडायला हवं होतं, कारण चारला टेम्पो येणार होता.

टेम्पो बाबांना न्यायला येणार होता. म्हणजे बाबांची खाट, ट्रंक, घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आणि त्यांच्यामागून बाबा. बाबा लेकीकडे राहायला चालले होते. ताई शाळेत मुख्याध्यापिका, घर तिसऱ्या मजल्यावर आणि डोळ्यांचा दवाखाना बरोब्बर समोर. बाबांच्या डोळ्यांत आता इतकंच उरलं होतं, की माणूस आलं हे कळायचं, कोण आलं ते आवाजावरून. मागच्या दारच्या पायऱ्यांवरून ते दोनदा पडले होते. दोन्ही वेळा हातात झारी होती आणि दोन्ही वेळा झारी वाचली.

"एक कुंडी," ताईनं आठवडाभर आधीच फोनवर बजावलं होतं. "गॅलरीत वॉशिंग मशीन आहे. मी टेप लावून मोजलंय. एकच कुंडी मावते."

"एकच न्यायची आहे," बाबा म्हणाले होते. "मंडळीची."

बाबांनी आयुष्यात बायकोला नावानं हाक मारली नाही. बोलण्यात ती 'आमची मंडळी' आणि मागच्या दारच्या ओट्यावर गुलाबाच्या कुंडीला लटकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवरही 'मंडळी'. पट्ट्या बाबांनी स्वतः केलेल्या. घड्याळजी माणूस, अक्षर मोत्यासारखं, पत्र्यावर कोरलेलं. चार कुंड्यांना पट्ट्या होत्या : ताई, थोरला, धाकटा आणि मंडळी. उरलेल्या सात कुंड्या उमेदवारीवर होत्या. नातवंडं होतील तसं एकेकीला नाव लागायचं होतं. नातवंडं झाली, शिकली, परगावी गेली; कुंड्या उमेदवारच राहिल्या. बाबांच्या स्वतःच्या नावाची कुंडी नव्हती. आणि सूनबाईंच्या नावाचीही नव्हती. पाचवी पट्टी एके काळी होती. ती कुठे गेली ते जगात दोन बायकांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक दीड वर्षापूर्वी देवाघरी गेली.

आता बाबांबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून टाकायला हव्यात, नाहीतर पुढचं सगळं थाप वाटेल. पहिली ही, की डोळे शाबूत होते तेव्हासुद्धा बाबांना रंग कळत नव्हते. लाल, केशरी, हिरवा हे त्यांना एकाच पातेल्यातले वाटत. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. बाबा म्हणत, "रंग काय, कुणीही पाहील. गुलाब पाहावा तो फांदीवर." आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून ते फांदी पाहत. दुसरी गोष्ट तपकिरीची. दुकान काढलं त्या वर्षी, घड्याळं धुवायच्या पेट्रोलच्या वासावर उतारा म्हणून त्यांनी तपकीर धरली आणि चाळीस वर्षं ओढली. नाकाचा तेवढ्या काळात फक्त चष्मा टेकवायला उपयोग झाला. मंडळी रोज म्हणायची, "सोडा हो ती." ती गेली त्या दिवशी बाबांनी डबी तिच्याबरोबर पाठवली. त्यानंतर महिन्याभरानं त्यांना वास येऊ लागले. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, आपल्याकडे रोज एवढं काही जळतं का?"

तर असा हा माणूस, रंग न कळणारा आणि वास न येणारा, चाळीस वर्षं गुलाब करत होता. आणि लोक लांबून पाहायला येत. देवाच्या घरी कामाचं वाटप कसं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या रविवारी नऊच्या सुमाराला सगळे मागच्या दारी जमले. छाटणीचे दिवस होते, पण छाटणी झालेली नव्हती. बाबांना दिसत नव्हतं म्हणून गेल्या हंगामापासून कुणी कात्रीच धरली नव्हती. थोरला, म्हणजे सूनबाईंचा नवरा, ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. बाबांनी त्याच्या हातात कात्री दिली.

"आधी खुंटाची फूट काढ."

"म्हणजे नक्की काय काढू?"

"पन्नास वर्षं ह्या घरात जेवलास."

"जेवलो. गुलाब नाही खाल्ले."

बाबांनी वाकून एका कुंडीच्या बुडाशी हात घातला. "ही गाठ लागली? इथं मी डोळा, म्हणजे चांगल्या गुलाबाचा कोंब, भरून कलम केलंय. गाठीच्या वरचं ते गुलाबाचं. खालचं ते मूळ, खुंट, गावठी. गाठीच्या खालून जी काडी फुटते ती खुंटाची. ती वाढली की वरच्याचं खाते आणि वरचं मरतं. ती काढायची. दया करायची नाही."

थोरल्यानं दया केली नाही. दोन वर्षांत चांगल्या कमरेएवढ्या काड्या माजल्या होत्या, बोटभर जाड, हिरव्यागार. सरासर कापून तो त्या मोरीजवळच्या बादलीत टाकत गेला. बादलीत वीतभर पाणी होतं. सूनबाईंनी फडकी भिजवायला ठेवलेलं. फडकी त्यांनी निमूटपणे काढून घेतली.

"वरचं बघा, आरसा बघा, मग कात्री लावा," धाकटा पायरीवर बसून म्हणाला. धाकटा दातांचा डॉक्टर, एकटा जीव, चव्वेचाळिसाव्या वर्षीही धाकटाच.

"तू ये की उतरून. तुझा तर धंदाच उपटायचा."

"रविवारी मी भूल दिल्याशिवाय कशाला हात लावत नाही."

ताई टेप घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं 'मंडळी'ची कुंडी मोजली. "बसते. चार बोटं उरतात. दादा, हीच आधी उचलून दाराशी ठेव, मग बाकीचं."

"थांब," बाबा म्हणाले. "मला भेटू दे."

ते चाचपडत आले. कुंडीच्या कडेला धरून गुडघ्यावर बसले. पट्टी बोटांनी वाचली : मं, ड, ळी. झाडावर एकच फूल होतं, केशरी, ज्वाळेसारखं, तळहाताएवढं. बाबांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि त्यात नाक घातलं.

सूनबाई चहा गॅसवर ठेवून दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

बाबांनी नाक काढलं. परत घातलं. मग फूल सोडून दिलं.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"काय नव्हे?"

"हे तिचं झाड नव्हे. ह्याला वासच नाही. तिच्या झाडाला वास होता. लग्न होऊन आली तेव्हा रोज एक फूल केसांत असायचं. तेव्हा मी तपकीर ओढत नव्हतो. मला तो वास पाठ आहे."

"बाबा, पट्टी तर..."

"पट्टी मी केली. वास मी केला नाही."

पुढचा अर्धा तास बाबांनी अकरा कुंड्यांचा वास घेतला. जिला फूल नव्हतं तिच्या कळीचा, कळी नव्हती तिच्या पानाचा. थोरला हाताला धरून नेत होता आणि 'पायरी', 'डावीकडे', 'हळू' असं शिकाऊ उमेदवाराला सांगावं तसं सांगत होता. अकरा झाल्यावर बाबा पायरीवर बसले.

"नाही."

"सर्दी झाली असेल तुम्हाला," ताई म्हणाली.

"मग आत चहा करपला हे मला कसं कळलं?"

सूनबाईंनी आत जाऊन एक कप भरून आणला. खरोखरच करपला होता. त्या दारातच उभ्या राहिल्या होत्या आणि आत पातेलं तसंच गॅसवर होतं.

"जाऊ द्या," बाबा कप घेत म्हणाले. "तिचं नसेल तर कुठलंच नको. गॅलरीत स्टूल ठेव आणखी एक. मी रिकामाच येतो."

ते रागानं म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं. टेम्पोवाल्याला पत्ता सांगावा इतक्या साधेपणानं म्हणाले. सूनबाईंनी पदराला हात पुसले. ओले नव्हते, तरी पुसले.

"असं कसं होईल," ताईचा शाळेतला आवाज लागला. "झाड चालत जात नाही. कुणीतरी पट्टी बदललीय. सांगा, कुणी?"

कुणी बोललं नाही. मुख्याध्यापिकेला अशा शांततेची सवय असते. ती थोरल्याकडे पाहत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?"

"तुझे कान लाल झालेत. लहानपणापासून होतात."

"मी आईच्या पट्टीला हात लावलेला नाही." थोरल्यानं कात्री मिटली. "मी धाकट्याची बदलली."

"माझी?" धाकटा पायरीवरून उठला. रविवारचा हा पहिला प्रसंग.

"बारावीत नापास झालो त्या वर्षी माझ्या झाडावर काळे ठिपके पडले होते. बाबा रोज सकाळी भिंग लावून म्हणायचे, 'थोरल्याला कीड लागली. थोरल्यात काही राम नाही.' पाहुण्यांसमोर. तुझं झाड ठणठणीत होतं. तू सातवीत होतास, तुला काय फरक पडत होता?"

"म्हणजे 'धाकट्याच्या बुडाशीच कीड आहे' हे बाबा सहा महिने बोलत होते ते तुझ्याबद्दल होतं?"

"झाडाबद्दल होतं."

"मी दात घासायचं प्रमाण वाढवलं रे त्यामुळे. दिवसातून चारदा. मी दातांचा डॉक्टर कसा झालो असं तुला वाटतं?"

"मग आभार मान."

"आणि आता कुणाचं कुणाकडे आहे?" ताईनं विचारलं.

धाकटा खाली बसला. "बरोबर आहे. मी परत बदलल्या. कॉलेजात असताना. तेव्हा माझ्या पट्टीच्या झाडाला नुसत्या फांद्या, फूल नाही. बाबा म्हणाले, 'धाकटा नुसताच वाढतोय.' मला काय माहीत ते मुळात ह्याचंच होतं."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून," ताई सावकाश म्हणाली, "काहीही केलं नाही."

"सात-आठ वर्षं लागली पण," धाकटा म्हणाला.

सूनबाईंच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे ताईनं मागून घेतले. छडा लागल्याची खूण म्हणून पिवळा थोरल्याच्या कुंडीला, निळा धाकट्याच्या. तिसरा, पांढरा, तिच्या हातातच राहिला. तो ती उघडझाप करत राहिली, आणि दोघा भावांनी एकाच वेळी तिच्या कानांकडे पाहिलं.

"मी आईची घेतली होती," ताई म्हणाली. आवाज शाळेतला राहिला नव्हता. "आपण तीन भावंडं, पण बाबा कौतुक करायचे ते आईच्या झाडाचं. काही न करता वाढतं म्हणायचे. आणि मी? 'ताईला काटे फार.' मला बघायला पाहुणे यायचे होते त्या आठवड्यात म्हणाले. मी रात्रभर रडले आणि सकाळी पट्ट्या बदलल्या."

"मग आईला काटे फार असं बाबा म्हणाले का?"

"नाही ना. म्हणाले, 'मंडळीला काटे आहेत, पण शोभतात.'"

बाबा ऐकत होते. त्यांचा कप रिकामा झाला होता तरी ते तो तोंडाला लावत होते.

"म्हणजे आता ताईच्या नावाचं आहे ते आईचं!" थोरला उठला. त्यानं ताईची कुंडी ओढत पुढे आणली. पांढरा गुलाब, मोठा, देखणा, पाकळी न् पाकळी इस्त्री केल्यासारखी. बाबांनी वास घेतला.

"कागद," ते म्हणाले.

थोरला ताईवर घसरला. "तू मुळात बाबांना नेतेसच कशाला? आई गेल्यावर एक दिवस तरी इथं राहिलीस का? सगळं हिनं केलं." हिनं म्हणजे सूनबाईंनी.

"मी नेते कारण ते तुझ्या पायऱ्यांवरून दोनदा पडले!"

"झारी वाचली," धाकटा म्हणाला. दोघांनीही त्याला गप्प केलं. त्या घरात एकी होण्याचा तो नेहमीचा मार्ग होता.

"थांबा," बाबा म्हणाले. "मला एक कळू द्या. मी रोज सकाळी झाडांना बोलत होतो. झाडांना. तुम्ही ते स्वतःला लावून घेत होता?"

"पट्ट्यांवर आमची नावं होती, बाबा," ताई म्हणाली.

"आणि पट्ट्या चुकीच्या होत्या. मग मी जे बोललो ते कुणाला लागलं?"

"ज्याचं नाव होतं त्याला. झाड कुणाचंही असो."

बाबांनी कप खाली ठेवला. बशी चुकली, फरशीवर ठेवला.

इकडे सूनबाईंचं काय चाललं होतं ते ऐका. त्या आत गेल्या. त्यांच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. ती त्यांनी काढली, परत ठेवली, डबा बंद केला. सासूबाईंचा आवाज त्यांना आठवला, चिमटे ठेवायच्या परडीपाशी उभं राहून बोललेला : "ह्यांना कधी कळता कामा नये. मनाला लावून घेतील, आणि तुझ्याकडे बघताना रोज तेच बघतील." सासूबाई गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यातही त्यांनी डोळ्यांनीच विचारलं होतं आणि सूनबाईंनी मान हलवून 'नाही सांगितलं' असं सांगितलं होतं. दिलेला शब्द. पण बाहेर तो म्हातारा रिकामा निघाला होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा की जित्या माणसाचे रिकामे हात मोठे, हा प्रश्न थोरामोठ्यांनी पुष्कळ चर्चून ठेवलाय. सूनबाईंना तेवढा वेळ नव्हता. पावणेबारा झाले होते. त्यांनी डबा उघडला.

बाहेर येऊन त्यांनी फडकं उलगडलं आणि पट्टी बाबांच्या हातात दिली. बाबांनी बोट फिरवलं. सू, न, बा, ई.

"ही फुटलेल्या कुंडीची ना?" बाबा म्हणाले. "तुझं लग्न झालं त्या वर्षीची. मांजरानं पाडली. झाड गेलं. दुसरं करतो म्हणालो होतो आणि राहून गेलं."

"मांजरानं नाही पाडली, बाबा. कुंडी आईंनी फोडली. आणि माझं झाड गेलं नाही. आईंचं गेलं. मी मारलं."

दोरीवरचा टॉवेल वाऱ्यानं एकदा उडाला आणि बसला.

"मी नवी होते. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, उरलेला चहा गुलाबाला घालत जा, गुलाबाला चांगला. स्वयंपाकघराच्या दाराशी आईंची कुंडी होती; ताईंनी बदललेल्या पट्ट्या आईंनी केव्हाच गुपचूप परत जागच्या जागी लावल्या होत्या. मी रोज घातला. दोन्ही वेळचा. तुमच्या मर्जीतली व्हायचं होतं मला."

"उरलेली चहापत्ती म्हणालो असेन. धुतलेली."

"मी चहा ऐकला."

"दुधाचा?"

"हो."

"साखरेचा?"

"तुम्ही तेव्हा दोन चमचे घ्यायचात."

"गरम?"

सूनबाईंनी मान खाली घातली. "गार झाल्यावर त्याचा गुण जातो असं वाटलं."

धाकट्यानं तोंडावर हात धरला. थोरला बायकोकडे असा पाहत होता, जणू ती इतकी वर्षं उजव्या बाजूनं गाडी काढत होती आणि त्याला आज कळलं.

"दीड महिन्यात गेलं," सूनबाई म्हणाल्या. "मी मोरीत बसून रडत होते. आई आल्या, त्यांनी वाळलेली काडी उपटून पाहिली, पातेलं पाहिलं, मला पाहिलं. म्हणाल्या, ऊठ. माझी केशरी कुंडी त्यांनी स्वतःच्या जागी ठेवली, बोटभर ठेवून वरचं सगळं छाटलं आणि तिला 'मंडळी' लावली. त्यांची रिकामी कुंडी फोडली आणि मांजराचं नाव घेतलं. आपल्याकडे मांजर नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि तुझी पट्टी?"

"माझ्याकडे. आई म्हणाल्या, आपण मिळून एकच झाड वाढवू. बावीस वर्षं तेच वाढवलं, बाबा, तुम्हाला गाठ लागू नये म्हणून बुडाशी माती चढवून. चहा नाही घातला."

ताईनं सूनबाईंकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरकून त्यांना बसायला जागा केली. सूनबाई बसल्या नाहीत.

शेवटी बाबा म्हणाले, "म्हणून मुंग्या."

"काय?"

"त्या वर्षी मागच्या दारी मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. मी पावडर टाकून टाकून दमलो. कारण सापडेना. बावीस वर्षं माझ्या डोक्यात होतं ते." त्यांनी पट्टी खिशात घातली. "बरं झालं सांगितलंस."

मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. घड्याळाची किल्ली संपावी तसा. "म्हणजे तिचं झाड नाहीच. बावीस वर्षांपूर्वीच नाही. आता काय नेणार?"

सूनबाईंना हेच नको होतं. शब्द मोडला आणि हातही रिकामेच. त्या मोरीकडे पाहत राहिल्या, कारण बाबांकडे पाहवेना. तिथं बादली होती. बादलीत फडक्यांच्या जागी हिरव्या काड्या उभ्या होत्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आईंचं झाड होतं कसलं?"

"कसलं म्हणजे? गावठी. तिच्या माहेरच्या कुंपणाचं. लग्नात लोक भांडी आणतात, हिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्यांचा भारा आणला. मी हसलो होतो. तेव्हा मला नवे नवे गुलाब करायचं वेड. म्हटलं, एक काडी तुझी म्हणून ठेवू तशीच, बाकीच्या मला..." बाबा थांबले.

"बाकीच्या तुम्हाला कशाला?"

"खुंट म्हणून," बाबा म्हणाले.

"आई सांगायच्या. 'माझ्या माहेरच्या झाडाची मुंडी उडवली आणि वर परक्यांचे डोळे बसवले.' भाजी निवडताना दर चार दिवसांनी सांगायच्या."

"किती झाडांना?" ताईनं विचारलं.

"सगळ्यांना," बाबा म्हणाले. "सगळी तिच्याच काड्यांवर आहेत. ताई, थोरला, धाकटा, सातही उमेदवार. सूनबाईचंसुद्धा." ते उभे राहिले. पायरी विसरले. थोरल्यानं दंड धरला. "कात्री थांबव. फूट काढू नकोस."

"काढून झाली, बाबा. अकराच्या अकरा. दया करायची नाही म्हणालात."

"कुठे टाकलीस?"

"बादलीत."

"पाणी आहे तिच्यात?"

"हिची फडकी होती."

बाबा मोरीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी बादलीत दोन्ही हात घातले. एकेक काडी काढून बोटांनी चाचपली, काट्यापासून काट्यापर्यंत. पन्नास वर्षं दर हंगामाला हीच काडी त्यांनी स्वतःच्या हातानं कापून उकिरड्यावर टाकली होती, आणि पन्नास वर्षं ती परत फुटली होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण सूनबाईंनी त्यांचे हात पाहिले, आणि हात पुष्कळ बोलले.

"चाकू," ते म्हणाले.

धाकटा उठला. त्या घरात बाबांनंतर हात स्थिर तो त्याचाच. बाबा सांगत गेले, तो कापत गेला : पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार डोळे, खाली तिरका काप, वर सपाट. पानं काढायची. ताईनं माती चाळली. थोरला कुंड्या उचलत होता आणि स्वतःलाच 'हळू' म्हणत होता. धाकट्यानं पहिली काडी मातीत खोचली. बाबांनी बोट फिरवलं.

"उलटी आहे."

"कशावरून?"

"काटा खाली वळलेला असतो. हा वर बघतोय. माणसांचे दात असे बसवतोस?"

"अजून तक्रार आलेली नाही."

दोनपर्यंत एकवीस काड्या लागल्या. प्रत्येकाला तीन, बाबांच्या कुंडीत चार, उरलेल्या ओट्यावर. बाबांच्या कुंडीतली सगळ्यात जाड काडी मधोमध होती. ती सूनबाईंच्या केशरी झाडाच्या बुडाची. बाबांनी ती मुद्दाम मागून घेतली होती. 'मंडळी'ची पट्टी केशरी झाडावरून काढून त्यांनी ह्या काडीला बांधली, आणि खिशातली पट्टी काढून सूनबाईंच्या हातात दिली. "तुझी लाव तुझ्या झाडाला."

सूनबाईंनी लावली. पुढे बाबा काही बोलतील म्हणून सगळे थांबले. बाबांनी केशरी झाडाच्या फांदीवरून हात फिरवला, सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला की, बाबा," सूनबाई म्हणाल्या. "माझ्या झाडाला कुणी कधी बोललंच नाही."

बाबांनी विचार केला. "चिवट आहे," ते म्हणाले.

टेम्पो पावणेचारला आला. ड्रायव्हर थोरल्याच्याच शाळेत शिकलेला निघाला, त्यामुळे त्यानं तीनदा आरसा पाहिला. खाट चढली, ट्रंक चढली, टेबल चढलं. बाबा पुढे बसले, मांडीवर कुंडी. कुंडीत चार हिरव्या काड्या. पान नाही, कळी नाही.

"हे काय नेताय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"बायकोला," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरनं पुन्हा एकदा आरसा पाहिला.

"बाबा, पण वास?" ताई खिडकीशी येऊन म्हणाली. "तोच वास आहे की नाही, हे कसं कळणार?"

"फूल आल्यावर."

"फूल कधी येणार?"

"जगली तर सव्वा वर्ष."

ताईनं बाबांचं वय मनात मोजलं. थोरल्यानं मोजलं. धाकट्यानंही मोजलं, आणि सगळे रस्त्याकडे पाहू लागले.

"थांबावं लागेल," बाबा म्हणाले, दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तसं. मग मान वळवून त्यांनी अंदाजानं मागच्या बाजूला हाक मारली. "सूनबाई! तुझ्या तीन काड्यांना सावलीत ठेव. पाणी बेतानं."

"हो, बाबा."

"आणि..."

"नाही घालणार, बाबा."

टेम्पो गेला. सूनबाई मागच्या दारी आल्या. गॅसवर सकाळचं करपलेलं पातेलं तसंच होतं, त्यात दोन कप चहा उरला होता. त्यांनी तो मोरीत ओतला, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि पातेलं पालथं घातलं.

तर आता उठा, वेळ झाली. जाताना एवढंच मागतो. कुणाच्या अंगणात सुरेख गुलाब दिसला तर फूल बघा, वाखाणा, त्यासाठीच तो आहे. पण मग जरा वाका आणि गाठीच्या खाली बघा. तिथं माहेरच्या कुंपणाची एक काडी परक्यांचं ओझं घेऊन मातीत उभी असते, आणि दर वर्षी कापली तरी दर वर्षी डोकं वर काढते. तिला पाहून आपल्या ह्या बाईची आठवण करा : जिनं नसलेल्या मांजराचं नाव सांगून एका नव्या पोरीला वाचवलं, आणि जिला तिच्या माणसानं आयुष्यात नावानं हाक मारली नाही.